शाळेत ठेकेदार येतो तेव्हा



गावच्या शाळेला नवी खोली मंजूर झाली की साऱ्या गावाला आनंद होतो. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, मुले विटांच्या ढिगाभोवती नाचतात. पुढे खोली बांधून होते, रंग लागतो, आणि मुले नव्या फरशीवर बसतात. पण नारळ फुटल्यापासून खोलीचा ताबा मिळेपर्यंत मधले जे चार-सहा महिने जातात, त्यांचा विचार सहसा कोणी करीत नाही. त्या काळात एकाच आवारात दोन कामे चालू असतात. इकडे गुरुजी पाढे म्हणून घेतात, तिकडे गवंडी विटा रचतो. इकडे पन्नास-शंभर लेकरे, तिकडे दहा-पाच मजूर. ही सगळीच माणसे सायंकाळी धडधाकट घरी गेली पाहिजेत. ती जावीत हे पाहण्याची जबाबदारी कोणाची, एवढ्याच एका प्रश्नाचा आज विचार करू.

हा प्रश्न मुख्याध्यापकांना विचारला तर ते म्हणतात, “मी शिकवणारा माणूस. बांधकामातले मला काय कळते? ते ठेकेदाराने पाहावे.” ठेकेदाराला विचारा. तो म्हणतो, “आपलं काम भिंत उभी करायचं. पोरं सांभाळायचं काम गुरुजींचं.” अभियंता साहेबांकडे वीस गावांची कामे, ते मोजमापाच्या दिवशी येणार. प्रत्येकाचे म्हणणे थोडे थोडे खरे आहे. पण या तिघांच्या म्हणण्यामध्ये जी फट राहते, तिच्यातूनच एखादे पोर किंवा एखादी मजूर बाई खाली पडते.

तेव्हा पहिली गोष्ट मनात पक्की धरावी. काम ठेक्याने देता येते, जबाबदारी ठेक्याने देता येत नाही.

हे केवळ नीतीचे बोलणे नाही, कायद्याचेही आहे. तमिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेला आग लागून ९४ मुले मृत्युमुखी पडली. स्वयंपाकाच्या जागेतून उठलेली आग वर्गावरच्या गवताच्या छपराला लागली होती. त्या घटनेवरून सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेले आणि १३ एप्रिल २००९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, शिक्षणाच्या हक्कातच सुरक्षित शाळेचा हक्क येतो. म्हणजे सुरक्षित छप्पर ही मुलांवर केलेली मेहेरबानी नव्हे, ते त्यांचे घेणे आहे.

मजुरांसाठीही कायदा आहे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला. पुढे तो कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य यांसंबंधीच्या २०२० च्या संहितेत सामावला गेला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य, असे ती सांगते. आपल्या जिवाला काय धोका आहे हे विचारण्याचा आणि धोका दिसला तर सांगण्याचा हक्क ती मजुरालाही देते.

कोणी म्हणेल, “एका खोलीच्या कामावर आठच माणसे असतात. हे मोठे कायदे दहा माणसांच्या पुढे लागू होतात.” बरोबर आहे. परंतु भारतीय न्याय संहितेचे कलम २९० माणसे मोजत नाही. इमारत पाडताना, दुरुस्त करताना किंवा बांधताना निष्काळजीपणा करून माणसाचा जीव धोक्यात घातला, तर तो गुन्हा आहे. जुन्या १८६० च्या दंडसंहितेतही पाडणे आणि दुरुस्ती यांपुरते हे कलम २८८ म्हणून होतेच. मजूर एक असो की शंभर, जिवाची किंमत तीच.

आपल्या वाशीम जिल्ह्यात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. २००१ पासून सर्व शिक्षा अभियानातून ज्या खोल्या बांधल्या गेल्या, त्या गावाच्या समितीनेच बांधाव्यात, ठेकेदार नको, असे धोरण होते. त्यामुळे किती तरी हेडमास्तरांनी खडू खाली ठेवून सिमेंटच्या गोण्या मोजल्या. आजही शाळा व्यवस्थापन समितीच्या हातून लहानमोठी दुरुस्ती होतेच. अशा वेळी ठेकेदार म्हणून दुसरा कोणी नसतो. समितीनेच मिस्त्री लावला, तर समितीच मालक. म्हणून समितीच्या सभासदांनी, त्यातले तीन चतुर्थांश पालकच असतात, हे नीट समजून घेतले पाहिजे.

आता कामाच्या वेळेकडे पाहू. विदर्भातल्या शाळा राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस भरतात. म्हणून बांधकामाला सोयीचा काळ म्हणजे मे आणि जून. पण मे महिन्यात रिसोड-मालेगावकडे काय, कारंजा-मानोऱ्याकडे काय, ऊन माणसाला भाजून काढते. आणि मृगाचा पाऊस आला की आपली काळी जमीन फुगते. उन्हाळ्यात ज्या भेगांत हात जाईल, त्या पावसात मिटतात. जमिनीच्या या फुगण्याने-आकसण्याने जुन्या भिंतींना तडे जातात, आणि खोदलेल्या पायाच्या कडा ढासळतात. त्यातच कार्यारंभ आदेश उशिरा आला, तर सुट्टीत व्हायचे काम शाळा भरल्यावर, ऐन पावसात, मुलांच्या गर्दीत सुरू होते. अपघाताला यापेक्षा सोयीची वेळ नाही. म्हणून आदेश लवकर मिळावा यासाठी समितीने मार्च-एप्रिलमध्येच पाठपुरावा करावा. हीदेखील सुरक्षेचीच पहिली पायरी आहे.

काम सुरू होण्यापूर्वी काय करावे? मुख्याध्यापक, समितीचे अध्यक्ष, ठेकेदार आणि कनिष्ठ अभियंता या चौघांनी एक दिवस आवारात पायी फिरावे. टेबलाशी बसून नव्हे, पायी. माल कोठे पडणार, ट्रॅक्टर कोणत्या फाटकाने येणार, मुले कोठून आत येणार, पाण्याचा हौद कोठे, विजेची तार कोठून जाते, हे बोटाने दाखवून ठरवावे. ठरलेले एका वहीत लिहावे आणि चौघांनी सही करावी. मजुरांचा विमा उतरवला आहे काय, हे ठेकेदाराला त्याच वेळी विचारावे आणि कागद पाहावा. कुंपणाचा, टेकूंचा, हेल्मेटांचा खर्च कोण करणार हेही तेव्हाच ठरावे. अंदाजपत्रकात ज्याला पैसा नाही, ते पुढे कधी होत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

न्यूझीलंड देशात २०१५ साली याविषयी एक कायदा झाला. एका जागेवर अनेकांचे काम चालू असेल तर त्यांनी एकमेकांचा विचार घ्यावा, सहकार्य करावे आणि कामांचा मेळ घालावा, असे बंधन त्यात आहे. शाळेचे मंडळ आणि ठेकेदार दोघेही त्यात येतात, आणि करारात काहीही लिहून घेतले तरी आपले कर्तव्य दुसऱ्याच्या गळ्यात टाकता येत नाही. आपल्याकडे चौघांनी मिळून फेरी मारायची आणि वहीत लिहायचे, याचा अर्थ तोच आहे.

आता जुन्या खोल्यांविषयी. नवी खोली बांधायची म्हणजे पुष्कळदा जुनी पाडायची असते. जुनी खोली धोकादायक ठरवून तिचे निर्लेखन व्हावे लागते आणि त्या कागदाला वेळ लागतो. पण कागद येईपर्यंत मुलांना त्या खोलीत बसवलेच पाहिजे, असे कोठेही लिहिलेले नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, निंबोडी गावी ऑगस्ट २०१७ मध्ये पावसात शाळेची जुनी खोली कोसळून मुले दगावली. राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी २५ जुलै २०२५ रोजी सकाळी शाळेचे छत पडले आणि सात मुले गेली. वरून खडे पडत आहेत असे आम्ही सांगितले होते, असे तेथल्या मुलांनी नंतर सांगितल्याच्या बातम्या आल्या. छतातून माती गळणे, तड्यात बोट शिरणे, दार एकाएकी अडकू लागणे, सळईचा गंज फुगून गिलावा सुटणे, या खुणा ओळखायला अभियंता लागत नाही. खूण दिसली की त्याच दिवशी खोलीला कुलूप लावावे, गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि पंचायत समितीच्या बांधकाम विभागाला लेखी कळवावे, आणि वर्ग समाजमंदिरात, देवळाच्या ओसरीत, नाही तर निंबाखाली भरवावा. निंबाखाली शिकलेले पोर नापास होत नाही.

काम चालू झाले की सर्वांत आधी कुंपण हवे. लाकडी बल्ल्या आणि पत्रे, ते नसले तर हिरवी जाळी. पण कुंपण हवेच. नुसती दोरी बांधली तर मुलांना ती खेळायला बरी वाटते. ट्रॅक्टर आणि माल यांची ये-जा शाळा भरण्याच्या, मधल्या सुट्टीच्या आणि शाळा सुटण्याच्या वेळी बंद ठेवावी. ट्रॅक्टर मागे घेताना एक माणूस मागे उभा असावा. बांधकामाला पाणी मारण्यासाठी खणलेला खड्डा किंवा हौद रोज सायंकाळी झाकावा. गुडघाभर पाण्यातही लहान मूल बुडते.

पायाचा चर दीड मीटरपेक्षा खोल गेला तर त्याच्या कडांना फळ्यांचे टेकू द्यावेत, किंवा कडा उतरत्या कापाव्यात. निघालेली माती कडेपासून निदान दीड मीटर लांब टाकावी. कडेवरच ढीग घातला की त्या ओझ्याने कड आत येते. काळ्या मातीत एक पाऊस पडून गेल्यावर तो चर पुन्हा तपासल्याशिवाय कोणी आत उतरू नये.

उंचीवरच्या कामात परांची पक्की असावी, बांबू वाळवीने खाल्लेले नसावेत, फळी एकच नसून पूर्ण रुंदीची असावी आणि बाजूला कठडा असावा. शिडी चार मीटर उंच टेकली तर तिचा पाय भिंतीपासून एक मीटर पुढे असावा, आणि वरचे टोक बांधलेले असावे. स्लॅबखालचे सेंट्रिंग काढण्याची घाई अनेक ठिकाणी होते, कारण लाकूड दुसऱ्या कामावर न्यायचे असते. खोलीचा गाळा साडेचार मीटरपेक्षा मोठा असेल तर स्लॅबखालचे टेकू निदान १४ दिवस राहिले पाहिजेत, आणि तुळई सहा मीटरपेक्षा लांब असेल तर तिच्याखालचे निदान २१ दिवस. स्लॅब कोणत्या तारखेला पडला ते फळ्यावर लिहून ठेवा. मुले दिवस मोजतील आणि ठेकेदारालाही विसर पडणार नाही.

जुन्या शाळांवर सिमेंटचे पत्रे असतात. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अंगावर घेऊन शाबूत उतरवला तर धोका कमी. तो हातोड्याने फोडला, करवतीने कापला, तर त्याची बारीक धूळ छातीत जाते आणि तिचा आजार वीस-तीस वर्षांनी दिसू लागतो. म्हणून पत्रे आधी पाण्याने भिजवावेत, न फोडता उतरवावेत, तोंडाला चांगली धूळरोधक पट्टी असावी, आणि तुकडे मुलांच्या हाती, शेताच्या बांधावर किंवा गोठ्यावर जाऊ देऊ नयेत. आणखी एक. या पत्र्यावर माणसाने थेट पाय देऊ नये. वरून तो पक्का दिसतो, पण वजनाने मोडतो आणि माणूस आरपार खाली येतो. आडव्या फळ्या टाकून त्यांवरूनच चालावे.

चुन्याचे काम शाळेत नेहमीचे. कळीचा चुना पाण्यात विझवताना उसळतो. हे काम मुले आवारात असताना करू नये. चुना डोळ्यात गेला तर डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने निदान वीस मिनिटे धुवावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

विजेचे काय? पंप, मिक्सर किंवा वेल्डिंगसाठी वायरची उघडी टोके आगपेटीच्या काडीने प्लगात खोचलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. शाळेच्या वर्गातून अशी वीज घेऊ देऊ नये. वेगळी जोडणी, भूसंपर्काची तार आणि वीज गळताच बंद करणारे यंत्र, या तीन गोष्टी ठेकेदाराकडून घ्याव्यात. आवारावरून तार जात असेल तर लांब सळया उभ्या करून नेऊ नयेत. तार खाली लोंबत असेल तर महावितरणला १९१२ वर कळवावे. मिक्सरजवळ काम करणाऱ्या बाईने पदर घट्ट खोचावा, फिरत्या ड्रममध्ये हात घालू नये.

शौचालयाची टाकी साफ करायची असेल, तर कोणाही माणसाला आत उतरवू नये. आत विषारी वायू असतो, आणि एकाला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्याने अशा कामावर माणूस घालणे हा गुन्हा आहे, आणि गटारात मृत्यू आल्यास तीस लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आहे. टाकी यंत्रानेच उपसावी.

आता एक नाजूक गोष्ट. “श्रमदान” म्हणून मुलांकडून विटा वाहून घेणे, वाळू चाळून घेणे, स्लॅबवर पाणी मारून घेणे, हे पुष्कळ गावांत प्रेमाने चालते. मुलांनी झाडे लावावीत, अंगण झाडावे. बांधकामावर मात्र त्यांना कामाला लावू नये. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे आणि १८ वर्षांखालच्याला धोक्याच्या कामावर ठेवणे, याला २०१६ मध्ये सुधारलेल्या कायद्याने बंदी आहे. ठेकेदाराच्या मजुरांत एखादे पोरगे दिसले तरी तोच नियम.

मजूर मंडळींकडेही माणुसकीने पाहू या. तांड्यावरून, दूरच्या खेड्यातून आलेली माणसे असतात. बाई डोक्यावर घमेले घेऊन चढते आणि तिचे तान्हे झाडाच्या झोळीत असते. त्या झोळीखाली साप-विंचू नाही, वरून काही पडत नाही, हे पाहणे फुकट होते. उन्हाळ्यात काम पहाटे सुरू करून दुपारी बारा ते चार बंद ठेवावे. थंड पाणी, थोडी सावली आणि शौचालयाची सोय, एवढे शाळेच्या आवारात सहज होते. मजुराने वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केले असेल, तर राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणी होते. त्यासाठी लागणारा दाखला ठेकेदाराने द्यावा, आणि फॉर्म भरताना गुरुजींनी हात लावावा. आणखी एक, त्यांची सहा ते चौदा वर्षांची मुले आवारात नुसती हिंडत असतील, तर त्यांना त्याच शाळेत बसवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही. ज्या आईने शाळेच्या विटा वाहिल्या, तिचे लेकरू त्या शाळेच्या दाराबाहेर राहू नये.

“पण काही चुकीचे दिसले तर आम्ही काय करावे? ठेकेदार ऐकत नाही,” असे गुरुजी विचारतील. उत्तर सोपे आहे. तुम्हाला स्लॅबचे गणित करावयाचे नाही. तुमच्या हाती तीन गोष्टी आहेत. विचारणे, लिहिणे आणि मुलांना दूर नेणे. ठेकेदाराला वहीत लिहून द्या, तारीख घाला, त्याची सही घ्या. त्याने सही केली नाही तर तसेही लिहा. त्याच दिवशी वरिष्ठांना कळवा. धोका समोर उभा असेल तर त्या बाजूचे वर्ग हलवा आणि “हे दुरुस्त होईपर्यंत येथे काम नको,” असे समितीच्या वतीने सांगा. वही लिहिली म्हणजे कोणावर आरोप केला असे नाही. ती ठेकेदाराचीही ढाल आहे. चांगला ठेकेदार तिला भीत नाही.

एवढे करूनही अपघात झालाच, तर गोंधळू नये. १०८ ला फोन करावा आणि गावाचे नाव, तालुका व रस्त्याची खूण स्पष्ट सांगावी. विजेला चिकटलेल्या माणसाला हात लावू नये, आधी वीज बंद करावी. उंचावरून पडलेल्याची मान-पाठ हलवू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. मातीखाली कोणी सापडला तर सगळ्यांनी त्याच चरात उड्या घेऊ नयेत, कड पुन्हा येते. आणि नंतर “घरच्या घरी मिटवू,” म्हणून चार पैसे देऊन मजुराला गावी पाठवू नये. कामावर जखमी झालेल्याला भरपाई मिळण्याचा हक्क १९२३ पासून या देशात आहे. तो बुडवणे म्हणजे दुसरा अपघात करणे.

काम संपले की ताबा घेण्यापूर्वी पुन्हा चौघांनी फेरी मारावी. खिळे, काचा, तारेचे तुकडे, उघडे खड्डे, उरलेला चुना, सगळे उचलले गेले काय? हौद बुजवला काय? दरवाजे बाहेरच्या बाजूला उघडतात काय? मगच ताबा पावतीवर सही करावी.

मंडळी, शाळेच्या भिंतीवर आपण सुविचार लिहितो. ती भिंत बांधताना कोणाचा हात मोडला नाही, कोणाचे लेकरू गेले नाही, तर तो सुविचार खरा. आपल्या गावी यंदा काम निघणार असेल, तर उद्याच दोनशे पानांची एक वही आणा, पहिल्या पानावर चौघांची नावे लिहा आणि आवारात एक फेरी मारून या.